करुण कथा आणि श्रोत्याची रिकामी जागा

१

करुण रसाच्या आस्वादातून वाचकाला आनंद कसा मिळतो, हा मराठी साहित्यविचारातील एक जुना प्रश्न आहे. संस्कृत काव्यशास्त्राकडून तो वारशाने आला. अ‍ॅरिस्टॉटलच्या कॅथार्सिसच्या कल्पनेचा परिचय झाल्यावर त्याला नवी धार चढली. नरसिंह चिंतामण केळकर यांनी १९२१ साली बडोदे येथील साहित्य संमेलनाच्या अध्यक्षीय भाषणात 'सविकल्प समाधी'ची उपपत्ती मांडली, तेव्हापासून तर तो आपल्याकडील रसचर्चेचा कायमचा विषय होऊन बसला. प्रश्नाची मांडणी मात्र जवळजवळ सर्वत्र एकच राहिली. व्यवहारात माणूस दुःख टाळतो, साहित्यात ते शोधतो. तेव्हा साहित्यातील दुःख एक तर मुळात दुःखच नसले पाहिजे, किंवा त्याच्यासोबत त्याहून प्रबळ असे काही सुख असले पाहिजे. माणूस ज्याच्याकडे पुन्हा पुन्हा वळतो ते त्याला सुखच देत असले पाहिजे, असे एक गृहीत या मांडणीच्या तळाशी आहे.

हे गृहीत करुण लघुकथेच्या संदर्भात तपासून पाहणे अगत्याचे आहे. करुणाविषयीची बहुतेक मीमांसा नाटक आणि महाकाव्य डोळ्यांसमोर ठेवून झालेली आहे. लघुकथा हा वाङ्मयप्रकार या चर्चेत उदाहरणादाखल येतो, पण त्याच्या रचनेतून शोकानुभवाचे स्वरूप बदलते काय, असा प्रश्न क्वचितच विचारला जातो. तो बदल होतो. आणि त्या बदलामुळे 'दुःखातून आनंद का?' या प्रश्नाची जागा दुसऱ्या प्रश्नाने घ्यावी लागते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

२

पारंपरिक उत्तरांचा धावता आढावा येथे पुरेसा आहे. विश्वनाथाने 'साहित्यदर्पणा'त सहृदयांच्या अनुभवाचाच दाखला दिला: करुण जर दुःखरूप असता, तर त्याच्याकडे कोणी फिरकले नसते, आणि अश्रू हे दुःखाचे नव्हे, चित्त द्रवल्याचे चिन्ह आहे. अभिनवगुप्ताने 'लोचना'त क्रौंचवधाच्या प्रसंगाचा विचार करताना तो शोक मुनीचा वैयक्तिक शोक मानू नये, असे बजावले. कारण दुःखाने विव्हळ झालेल्या माणसाच्या मुखातून श्लोक बाहेर पडत नाही. शोक 'माझा', 'शत्रूचा' किंवा 'तिऱ्हाइताचा' अशा संबंधांतून सुटतो, साधारणीकृत होतो, आणि मगच त्याची चर्वणा शक्य होते. बाराव्या शतकातील रामचंद्र आणि गुणचंद्र यांनी 'नाट्यदर्पणा'त मात्र या मताला छेद दिला. त्यांच्या मते करुण, रौद्र, बीभत्स आणि भयानक हे रस दुःखात्मकच आहेत. प्रेक्षक त्यांच्याकडे ओढला जातो तो कवीच्या आणि नटाच्या कौशल्याने चकित होऊन. केळकरांनी आस्वादाचे मर्म दुहेरी जाणिवेत शोधले: वाचक पात्राच्या भूमिकेत शिरतो, परंतु स्वतःचे भान सोडत नाही, आणि या दोन अवस्थांच्या एकत्र असण्यातच आनंद आहे.

ही उत्तरे एकमेकांशी भांडत असली, तरी त्यांच्यासमोरचा रसिक एकाच प्रकारचा आहे. तो नाट्यगृहात इतरांसमवेत बसलेला आहे. त्याच्यासमोर विभाव-अनुभावांची भरपूर सामग्री आहे. शोकाला वाढायला, ओसंडायला आणि निवायला अवकाश आहे. संस्कृत नाटकात तर शेवटी समेटही आहे: भवभूतीने करुणाला सर्व रसांचे मूळ रूप ठरविले, पण 'उत्तररामचरिता'च्या अखेरीस राम आणि सीता यांची भेट घडवूनच प्रेक्षकाला घरी पाठविले. ग्रीक शोकात्मिकेत समेट नसला तरी कोरस आहे. राजाच्या विलापाला ऐकणारे आणि उत्तर देणारे कोणीतरी रंगभूमीवर उभे आहे.

लघुकथेजवळ यांपैकी फारसे काही नाही. तिचा वाचक एकटा असतो. एडगर अ‍ॅलन पो यांनी १८४२ साली हॉथॉर्नच्या कथांविषयी लिहिताना, कथा एका बैठकीत वाचून व्हावी आणि तिचा परिणाम एकसंध असावा, असे म्हटले होते. या बैठकीत वाचकाचे सांत्वन करायला तिसरे कोणी येत नाही. शोक निवण्यापूर्वीच कथा संपते. आयरिश कथाकार फ्रँक ओ'कॉनर यांनी तर समाजाच्या कडेकडेने वावरणाऱ्या माणसांचा एकाकीपणा हाच या वाङ्मयप्रकाराचा स्वाभाविक विषय मानला. ज्याचे दुःख ऐकायला कोरस नाही अशा माणसाची गोष्ट, एकट्याने बसलेल्या वाचकाने वाचायची, आणि ती निवण्याआधी संपायची: करुण लघुकथेची घडण ही अशी आहे.

३

या घडणीचा सर्वांत निर्भेळ नमुना म्हणून चेकॉव्हच्या 'तोस्का' या कथेकडे बोट दाखविता येईल. २६ वर्षांच्या चेकॉव्हची ही कथा जानेवारी १८८६ मध्ये पीटर्सबर्गच्या एका दैनिकात प्रसिद्ध झाली. 'तोस्का' या रशियन शब्दात दुःख, हुरहूर, जीव कशातही न लागणे अशा अनेक छटा मिसळलेल्या आहेत. मराठीत त्याला एका शब्दाचा पर्याय नाही. कथानक दोन ओळींत सांगता येते. योना पोटापोव्ह हा म्हातारा घोडागाडीवाला. त्याचा तरुण मुलगा त्याच आठवड्यात तापाने गेला आहे. बर्फ पडत असलेल्या त्या संध्याकाळी योना हे कोणाला तरी सांगू पाहतो. एक लष्करी अधिकारी, गाडीत कोंबून बसलेले तीन उनाड तरुण, एका घराचा रखवालदार आणि मुक्कामाच्या खोलीत झोपेतून पाणी पिण्यासाठी उठलेला एक तरुण गाडीवाला, अशा चौघा ठिकाणी तो प्रयत्न करतो. कोणीही ऐकून घेत नाही. शेवटी तो तबेल्यात जाऊन आपल्या घोडीला सगळे सांगतो.

सारांशात ही कथा भाबडी वाटण्याचा संभव आहे. तिचे सामर्थ्य तपशिलांच्या योजनेत आहे. पहिली गोष्ट अशी, की योनाला न ऐकणारी माणसे दुष्ट नाहीत. अधिकारी तर मुलगा कशाने गेला हेही विचारतो. पण त्याला पोचायची घाई आहे. उत्तर पुरते होण्यापूर्वीच रस्त्यात आरडाओरडा होतो, आणि पुढच्या वेळी योना मागे वळून पाहतो तेव्हा त्याने डोळे मिटून घेतलेले असतात. तरुणांपैकी एक जण सर्वांनाच मरायचे आहे असे तत्त्वज्ञान सुनावतो. ते खोटे नाही, आणि म्हणूनच निरुपयोगी आहे. तरुण गाडीवाला पाणी पितो आणि पांघरुणात शिरतो. त्याला पाण्याची जशी तहान आहे तशी योनाला बोलण्याची आहे, असा निवेदकाने दिलेला दृष्टान्त त्या ठिकाणी विलक्षण बोचतो. कारण एक तहान भागते आणि दुसरी तशीच राहते. क्रौर्याची जागा येथे साध्या, दैनंदिन अनवधानाने घेतली आहे. वाचक स्वतःला क्रूर माणसांपासून सहज वेगळा काढू शकतो. घाईत असलेल्या माणसांपासून त्याला तसे वेगळे होता येत नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. योनाला केवळ 'मुलगा गेला' एवढी वार्ता सांगायची नाही. ती तो प्रत्येकाला सांगतोच. त्याला नीट, क्रमाने सांगायचे आहे: मुलगा आजारी कसा पडला, त्याला कोणत्या यातना झाल्या, मरण्यापूर्वी तो काय बोलला, अंत्यविधी कसा झाला, इस्पितळातून त्याचे कपडे आणायला कसे जावे लागले. गावाकडे मुलगी आहे, तिच्याविषयीही बोलायचे आहे. आणि ऐकणाऱ्याने उसासे टाकले पाहिजेत, हळहळले पाहिजे. म्हणजे योनाला हवे आहे ते कथन, आणि त्या कथनाला लागणारा श्रोता. रात्री तो एकटा असतो तेव्हा दाणावैरणीचा आणि हवेचा विचार करतो; मुलाचा विचार त्याला करता येत नाही. कोणाशी बोलताना तो करता येईल, पण एकट्याने त्याची मूर्ती डोळ्यांसमोर आणणे असह्य आहे. या एका तपशिलात चेकॉव्हने शोकाविषयीचा एक सिद्धान्तच ठेवला आहे. श्रोता ही शोकाला मिळणारी वरकड सवलत नाही. श्रोत्यावाचून शोक मनात नीट धरताही येत नाही. काव्यशास्त्रातील साधारणीकरण रसिकाला शोकाचा आस्वाद घेता यावा म्हणून घडते. येथे त्याची निकड ज्याचा शोक आहे त्यालाच आहे.

तिसरी गोष्ट कथेच्या शेवटाची. योना घोडीशी बोलू लागतो आणि भरात येऊन तिला सर्व सांगतो, एवढे कळवून कथा थांबते. काय सांगतो, ते वाचकाला कळत नाही. मुलाचे अखेरचे शब्द कोणते, हे कथाभर अडवून धरलेले आणि अखेर घोडीच्या कानी पडलेले कथन वाचकापर्यंत येत नाही. वाचक या सबंध संध्याकाळी योनाच्या मागेमागे हिंडलेला असतो, त्या शहरात ऐकायला तयार असलेला तोच एकमेव माणूस असतो. आणि तरीही ऐकण्याची वेळ येते तेव्हा कथा दार लावून घेते. श्रोत्याची जागा रिकामी असल्याचे त्याला दाखविले जाते, तो तिच्याकडे ओढला जातो, पण ती जागा त्याला घेता येत नाही.

करुण लघुकथेच्या भावसामर्थ्याचे केंद्र या रचनेत आहे. चित्ताचा निचरा येथे होत नाही, कारण निचरा ज्यातून व्हायचा ते कथनच हाती येत नाही. कलेच्या कौशल्याने येणारा विस्मयही येथे प्रधान नाही. तो दुसऱ्या वाचनात येतो, आणि तोवर काम झालेले असते. पहिल्या वाचनानंतर उरते ती एक अपुरी राहिलेली कृती. कोणीतरी बोलत होते, ऐकायला हवे होते, ऐकता आले नाही, अशी ती अवस्था आहे. तिला सुखद म्हणणे अनुभवाशी प्रामाणिक होणार नाही. तथापि ही अवस्था कोणी पुसून टाकू लागला, तर वाचक ते नाकारील. सुखद असणे आणि हवेसे असणे यांत फरक आहे. गेलेल्या माणसाची आठवण दुःखद असूनही कोणी ती टाकून देत नाही. करुणाच्या चर्चेत या दोन कल्पनांची गल्लत झाल्यामुळेच 'दुःखातून आनंद'चे कोडे इतके अवघड होऊन बसले.

४

या प्रतिपादनावर एक गंभीर आक्षेप घेता येईल. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८९० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात, सवयींवरील प्रकरणात, एका रशियन स्त्रीचे उदाहरण दिले आहे. ती नाट्यगृहात काल्पनिक पात्रांसाठी अश्रू ढाळत आहे, आणि त्याच वेळी बाहेर तिचा गाडीवान आपल्या बैठकीवर थंडीने गारठून मरत आहे. जेम्स यांच्या मते कृतीत न उतरणाऱ्या भावनांची सवय माणसाला निष्क्रिय करते; म्हणून नाटक किंवा संगीत यांतून भावना जागी झाल्यावर माणसाने लहानशी का होईना, पण काही प्रत्यक्ष कृती करावी, असा त्यांचा सल्ला आहे.

बाहेर गारठणारा तो गाडीवान चार वर्षे आधी लिहिल्या गेलेल्या चेकॉव्हच्या कथेतच बसलेला होता. या योगायोगामुळे प्रश्न अधिक नेमका होतो. 'तोस्का' वाचून डोळे ओलावलेला वाचक हा त्या बाईचाच भाऊबंद नव्हे काय? योनाची कथा वाचण्यात रमलेला माणूस दाराशी आलेल्या योनाला 'मग ये' असे म्हणत नसेल, याची हमी कोण देणार?

अशी हमी देता येत नाही, हे प्रारंभीच मान्य केले पाहिजे. साहित्यवाचनाने सहानुभाव वाढतो काय, हे मोजण्याचे प्रयत्न झाले आहेत. २०१३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या किड आणि कास्टानो यांच्या प्रयोगांत, साहित्यिक कथा वाचलेल्यांना इतरांची मनःस्थिती ओळखणे थोडे अधिक जमल्याचे दिसले, आणि त्याचा बराच गाजावाजा झाला. पण २०१६ मध्ये अन्य संशोधकांनी हा प्रयोग पुन्हा करून पाहिला तेव्हा तसा परिणाम आढळला नाही. एका कथेच्या वाचनाने माणूस सुधारतो, असे मानायला आधार नाही. साहित्याच्या समर्थनासाठी असा आधार शोधत बसणे हेही फारसे हिताचे नाही.

त्याहून अधिक बोलका प्रयोग टोरंटो येथील माया जिकिच, कीथ ओटली आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा आहे. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात काही जणांना चेकॉव्हची 'कुत्रा घेऊन हिंडणारी बाई' ही कथा दिली, आणि इतरांना तोच मजकूर न्यायालयातील घटस्फोटाच्या कामकाजाच्या रूपात दिला. लांबी, काठिण्य आणि रंजकता दोन्हींत सारखी राखली होती. वाचनापूर्वी आणि नंतर वाचकांनी स्वतःच्या स्वभावाविषयी दिलेली उत्तरे ताडून पाहता, कथा वाचलेल्यांत अधिक बदल दिसला. आणि तो सर्वांमध्ये एकाच दिशेने झाला नाही, ज्याच्या त्याच्या परीने झाला. निष्कर्ष मर्यादित आहे, पण समीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. परिणाम हकिकतीचा नाही, रूपाचा आहे. आणि तो उपदेशाचा परिणामही नाही. उपदेशाने सर्वांना एकाच दिशेला वळविले असते.

५

जेम्स यांच्या आक्षेपाचे उत्तर प्रयोगशाळेत शोधण्यापेक्षा कथांतच शोधणे अधिक योग्य होईल. कारण श्रेष्ठ करुण कथांना हा आक्षेप ठाऊक असतो. चेकॉव्हची १८९४ सालची 'रॉथ्‌शिल्डचे व्हायोलिन' ही कथा त्या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. याकोव्ह हा शवपेट्या करणारा सुतार. सारे आयुष्य तो तोट्याचा हिशेब मांडत आला आहे. बायको मार्फा मरायला टेकते तेव्हा तो ती जिवंत असतानाच तिचे माप घेतो, पेटी तयार करतो आणि वहीत नोंद करतो: दोन रूबल चाळीस कोपेक. मरता मरता मार्फा त्याला पन्नास वर्षांपूर्वीच्या, भुऱ्या केसांच्या आपल्या बाळाची आठवण करून देते. त्याला काहीही आठवत नाही. तिच्या अंत्यविधीनंतर नदीकाठी जुन्या झाडाशी आल्यावर ते बाळ त्याच्या डोळ्यांसमोर उभे राहते. पण तोवर ज्या बाईला 'आठवले' असे सांगायचे, ती उरलेली नाही. येथेही श्रोत्याची जागा रिकामी आहे. ती रिकामी करणारा याकोव्हच आहे.

पुढे मरणाच्या छायेत तो व्हायोलिन वाजवतो, आणि ज्याचा त्याने आजवर अपमान केला तो रॉथ्‌शिल्ड नावाचा गरीब यहुदी वादक ते ऐकून रडतो. याकोव्ह आपले व्हायोलिन त्यालाच देऊन जातो. कथा येथे संपती, तर ती एक सुंदर, सांत्वन देणारी कथा झाली असती. चेकॉव्ह आणखी एक परिच्छेद लिहितो. रॉथ्‌शिल्ड आता ती धून वाजवतो, ऐकणारे हेलावतात, आणि गावातील व्यापारी व अधिकारी त्याला मुद्दाम बोलावून ती दहा दहा वेळा वाजवायला लावतात. पन्नास वर्षांचा मुका संसार, विसरलेले बाळ, वहीतील चाळीस कोपेक, हे सर्व त्या धुनेत आहे. ऐकणाऱ्यांना मात्र फक्त धून हवी आहे. जेम्सच्या नाट्यगृहातील बाई येथे कथेच्याच आत आणून बसविली आहे. वाचकाला त्या व्यापाऱ्यांचे अश्रू उथळ वाटतात, आणि त्याच क्षणी त्याला स्वतःच्या अश्रूंकडेही संशयाने पाहावे लागते. करुणाचा आस्वाद आणि त्या आस्वादाविषयीची शंका या दोन्ही गोष्टी एकाच रचनेतून निर्माण होतात. भावविवश कथा आणि करुण कथा यांतील भेद येथे आहे. भावविवश कथा वाचकाला स्वतःच्या मृदुपणावर खूश होऊ देते. करुण कथा त्याला ते समाधान मिळू देत नाही.

१८९२ मध्ये लिडिया आविलोवा या लेखिकेला लिहिलेल्या पत्रात चेकॉव्हने, अभाग्यांचे चित्रण करून वाचकाची कणव जागवायची असेल तर लेखकाने अधिक थंड राहावे, असे सुचविले होते. या सल्ल्याचा अर्थ केवळ संयमाचा नाही. लेखक स्वतः रडू लागला, तर श्रोत्याची जागा तोच अडवून बसतो. वाचकाला मग केवळ त्याच्या शेजारी बसून माना डोलवायच्या असतात. लेखकाने ती जागा मोकळी सोडली, तरच वाचकाला तिची पोकळी जाणवते.

६

ही रचना एका लेखकापुरती किंवा एका भाषेपुरती नाही. मराठीत तिचे अगदी निराळे रूप अण्णा भाऊ साठे यांच्या 'स्मशानातील सोनं' या कथेत दिसते. खेड्यातून मुंबईच्या आश्रयाला आलेला धिप्पाड भीमा दगडाच्या खाणीत काम करतो. खाण बंद पडते. भुकेने गांजलेला भीमा मढ्यांच्या राखेतून, मातीतून सोन्याचे कण शोधू लागतो. एका रात्री तो नुकतेच पुरलेले प्रेत उकरायला जातो; त्याच प्रेतासाठी आलेल्या कोल्ह्यांशी त्याला झुंजावे लागते; प्रेताच्या जबड्यात त्याची बोटे अडकतात आणि ती त्याला गमवावी लागतात. आणि मग, खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी येते.

शास्त्राच्या भाषेत या कथेचा बहुतांश भाग बीभत्स आणि भयानक यांनी व्यापला आहे. करुणाची सामग्री जवळजवळ नाही. भीमा दयनीय नाही. तो बलदंड आहे, आपल्या उद्योगाचे समर्थन करणारा आहे, आणि वाचकाच्या सहानुभूतीची त्याला गरज नाही. वाचक तिटकाऱ्याने आणि भीतीने त्याच्यापासून अंतर राखून असतो. शेवटच्या बातमीने हे अंतर एकाएकी कोसळते. पहाड फोडणारे हात हे त्याचे एकमेव भांडवल होते, आणि काम परत आले तेव्हा हात निकामी झालेला आहे. अ‍ॅरिस्टॉटलने शोकात्मिकेत अपेक्षिलेला पालट येथे आहे, पण तो देवाने किंवा नियतीने घडविलेला नाही. तो खाण बंद करणाऱ्या आणि सुरू करणाऱ्या व्यवस्थेने घडविला आहे, आणि त्या व्यवस्थेला भीमा नावाचा कोणी माणूस आहे याचीही खबर नाही. भीमा लहान मुलासारखा रडतो, तेव्हा मघापर्यंत त्याच्याकडे तिटकाऱ्याने पाहणाऱ्या वाचकाला आपले ते पाहणेच खुपू लागते. योनाच्या कथेत अनवधान इतरांचे होते. येथे ते काही अंशी वाचकाचेच आहे.

प्रेमचंदांची १९३५-३६ मधील 'कफन' ही कथा या दिशेने टोकाला जाते. झोपडीत बुधिया बाळंतवेणांनी तळमळत आहे, आणि बाहेर तिचा नवरा माधव व सासरा घीसू बटाटे भाजून खात आहेत. आत कोणी गेल्यास दुसरा जास्तीचा वाटा खाईल, म्हणून कोणीच आत जात नाही. ती मेल्यावर कफनासाठी गोळा केलेल्या पाच रुपयांची ते दारू पितात. बुधिया कथेत एक शब्दही बोलत नाही. फक्त तिचे विव्हळणे ऐकू येते. करुणाचे आलंबन जवळजवळ अदृश्य ठेवून, विनोदाच्या अंगाने जाणारी ही कथा वाचकाला हसवते आणि हसल्याची शरम वाटायला लावते. दलित समीक्षकांनी या कथेवर घेतलेला आक्षेप येथे ध्यानात घ्यावा लागतो. घीसू आणि माधव यांच्या संवेदनशून्यतेला जातीची पाटी लावली आहे, आणि त्यामुळे व्यवस्थेचा दोष माणसांच्या माथी बसतो, असा तो आक्षेप आहे. तो कलाबाह्य म्हणून बाजूला सारता येत नाही. कोणाचे दुःख कोणी सांगावे आणि ते सांगताना कोणाला मुके ठेवावे, हा प्रश्न श्रोत्याच्या प्रश्नाइतकाच करुण कथेच्या गाभ्याशी आहे. अण्णा भाऊंचा भीमा आणि प्रेमचंदांचा घीसू शेजारी शेजारी ठेवले, तर आतून सांगणे आणि बाहेरून पाहणे यांतील अंतर उघड होते. आणि त्या दोघांच्याही मागे न बोललेली बुधिया उरतेच.

७

या कथांच्या आधारे मूळ प्रश्नाकडे परतता येईल. रा. भा. पाटणकर यांनी 'सौंदर्यमीमांसे'त (१९७४) कलाविचारातील लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी अशा दोन भूमिकांचा सविस्तर ऊहापोह केला. करुणाच्या बाबतीत अलौकिकतावादी म्हणतो, की कलेतील शोक हा शोकच नव्हे. लौकिकतावादी म्हणतो, की तो व्यवहारातलाच शोक आहे, फक्त सौम्य झालेला. करुण लघुकथेचा अनुभव या दोन्ही भूमिकांत पुरता मावत नाही. योना अस्तित्वात नाही, म्हणून त्याला मदत करता येत नाही. एवढ्यापुरता अनुभव अलौकिक आहे. पण मदत करता येत नाही ही गोष्टच वाचकाला सलत राहते, आणि सलणे हे पूर्णपणे लौकिक आहे. कथा वाचकाला व्यवहारापासून दूर नेते ती व्यवहारात न ऐकलेले काही ऐकण्याच्या तयारीत आणण्यासाठी; आणि तो तयार झाल्यावर ती ऐकवत नाही.

म्हणून करुण कथेच्या संदर्भात 'दुःखातून आनंद का?' असे न विचारता, 'ही कथा वाचकाला कोणाच्या जागी बसवते आणि तेथून काय करू देत नाही?' असे विचारणे अधिक फलदायी ठरेल. या प्रश्नाने भावविवश कथा आणि करुण कथा यांच्यात भेद करता येतो. अश्रूंच्या प्रमाणावरून तो करता येत नाही. वाचनानंतर मागे राहणाऱ्या अस्वस्थतेचा उलगडाही त्याने होतो. ती अस्वस्थता पुरत्या न झालेल्या आस्वादाची खूण नाही, थांबवून धरलेल्या प्रतिसादाची खूण आहे.

जेम्सच्या आक्षेपाला यातून पूर्ण उत्तर मिळत नाही, आणि मिळू नये. कोणतीही कथा बाहेर गारठणाऱ्या गाडीवानाला पांघरूण घालू शकत नाही. वाचक ते घालील, असेही तिला सांगता येत नाही. ती एवढेच करू शकते, की 'असा कोणी बाहेर आहे हे ठाऊक नव्हते' ही सबब वाचकाजवळ उरू देत नाही. योनाचे बोलणे घोडीने ऐकून घेतले. त्या रात्रीपुरते ते भागले. तेव्हा बंद झालेल्या दाराबाहेर वाचक मात्र अजून उभा आहे.